थाई भाताला चॉपस्टिक नव्हे, चमचा

इंदूरच्या मराठी घरांत थाई करीचा बेत ठरला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘चॉपस्टिक आणल्यात ना?’ हा समज चुकीचा आहे. थायलंडमध्ये भात आणि करी चमच्या-काट्यानेच खातात. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या; काट्याने घास चमच्यावर लोटायचा आणि तोंडात चमचाच न्यायचा. भाज्या, मांस आधीच बारीक चिरलेलं, म्हणून सुरी लागत नाही. ईशान्य थायलंडचा चिकट भात तर हातानेच, बोटांनी लहान गोळा वळून खातात, अगदी आपल्यासारखा. चॉपस्टिक येतात त्या मुख्यतः नूडल्सच्या वाडग्यासोबत.

जपानी भात मात्र चॉपस्टिकने खाता येतो, कारण तो आखूड दाण्याचा, चिकट. त्याचा गोळा उचलता येतो, शिवाय वाडगा हातात धरतात. आपल्या ताटातला मोकळा बासमती काड्यांतून निसटणारच, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. कोरियात तर चॉपस्टिक असूनही भाताला चमचा!

नूडल्ससाठी मात्र जरूर शिका. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकवून स्थिर ठेवा. वरची पेनासारखी धरा, फक्त तीच हलवा. दोन्ही हलल्या की टोकं एकमेकांवरून घसरतात आणि घास सुटतो.