लेहची विरळ हवा: फुगलेल्या पाकिटापासून हानलेच्या आकाशापर्यंत

दिल्लीहून निघालेलं विमान साधारण दीड तासात लेहला टेकतं आणि बॅगेतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं दिसतं. पाकीट खाली, सपाटीवरच्या जास्त दाबाला बंद केलेलं. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे अर्धसत्य आहे. हवेतलं त्याचं प्रमाण इथेही २१ टक्केच. पण दाब कमी, म्हणून एका श्वासात छातीत जाणारे रेणूच कमी.

शरीर यावर ताबडतोब श्वास वाढवतं. अडचण अशी की त्यामुळे कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. ही ओढाताण रात्री ऐकूसुद्धा येते: शेजारचा माणूस भराभर श्वास घेतो, काही सेकंद अगदी गप्प होतो, मग एकदम मोठा श्वास ओढतो. नवख्याला धडकी भरते, पण या उंचीवर ते नेहमीचंच. मूत्रपिंडं जादा बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्क, लघवीवाटे टाकून तोल सावरतात, त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. मात्र डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. बोटांना मुंग्या येणं हा तिचा नेहमीचा परिणाम.

सहली बिघडतात त्या क्रमामुळे. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावा. लेहहून दुसऱ्याच दिवशी पँगाँग तलावाच्या काठी, म्हणजे ४,२५० मीटरवर झोपायला जाणं हा शुद्ध अविचार. आधी लेहला दोन रात्री, मग नुब्रा खोरं (तिथलं दिस्कित गाव साधारण ३,१०० मीटर), पँगाँग त्यानंतर, तेही मधे मुक्काम करत. नुब्रात एक मेख आहे: गाव खाली असलं तरी नेहमीच्या वाटेने लेहहून जाता-येताना खारदुंग ला ही खिंड ओलांडावी लागते. तिथल्या प्रसिद्ध पाटीवर अनेक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, तरी जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. दाब निम्म्यावर आलेला असतो. फोटो काढा, वीस मिनिटांत खाली उतरा.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी श्रीनगर–कारगिल वाट मनालीपेक्षा सौम्य. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे; मनालीच्या वाटेवरचं सरचू मात्र जवळपास ४,३०० मीटरवर, आणि पहिल्याच रात्री तिथे झोपणाऱ्यांची डोकी हमखास ठणकतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं एवढ्यावर असेल तर आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप, सततचा खोकला, किंवा टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालता न येणं, हे फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याचं लक्षण. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावून लगेच खाली न्यायचं.

डाळ न शिजण्यामागेही हाच दाब. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं लवकर आटतं. म्हणून कुकरला पर्याय नाही.

याच विरळ, कोरड्या हवेचं सुख हानलेत मिळतं. तिथल्या ४,५०० मीटर उंच टेकडीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे (नाव शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून). भारतीय खगोलभौतिकी संस्था ती बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवते. हवेतलं बाष्प ताऱ्यांकडून येणारे अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे) किरण शोषतं, आणि इथे वर ते उरतंच थोडं. शिवाय आसपास शहरी दिवा नाही. अर्थात चंद्र असेल तर काळोखावर पाणी पडतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी पंचांग उघडा: हानलेची रात्र अमावास्येच्या आगेमागे तीन-चार दिवसांत आणि सहलीच्या शेवटाकडे यायला हवी.