आधी तू सांग, तू कोण?

"मामा, वायफाय लागंनाच गेलंय."

रविवारी सकाळी साडेसातला भाच्याचा फोन. जिंतूर तालुक्यातलं पोरगं, यंदा एम.एस्सी.ला विद्यापीठात गेलंय, होस्टेलवर राहतंय. लॅपटॉप थोरल्या भावाने वापरून दिलेला. त्याची बॅटरी कधीच गेली. चार्जर लावलेला असतो तोवर चालतो, लाइट गेली की हाही गेला. मी परभणीत, पोरगं तिकडे. फोनवरून काय डोंबल दिसणार? तरी विचारलं, पासवर्ड चुकला असेल.

"नाही हो. परवा ह्याच पासवर्डानं लागलं होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटला आत्ताबी लागतंय. ह्यालाच काय झालंय कळंना."

त्याने नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडून पाहिलं होतं, दोनदा लॅपटॉप बंद-चालू केला होता. शेवटी रूममेटने तोडगा काढला: सेटिंगमध्ये सर्टिफिकेट तपासायची खूण असते, ती काढून टाक, सगळे तसंच करतेत. मी म्हटलं, बाकी काहीही कर, तेवढं करू नकोस. का, ते समजून घ्यायला घरचं वायफाय आणि विद्यापीठाचं वायफाय यांतला फरक बघावा लागतो. दोन्हींचं चिन्ह पडद्यावर सारखंच दिसतं, आत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

घरच्या वायफायला एकच पासवर्ड. आलेल्या पाहुण्याला सांगितला, शेजारच्या पोराला सांगितला, झालं. बऱ्याच राउटरांत हा पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४०९६ वेळा गणिताच्या रवीने घुसळतात आणि त्यातून २५६ बिटांची एक मूळ किल्ली निघते. पासवर्ड एक, नाव एक, म्हणजे घरातल्या सगळ्यांची मूळ किल्लीही एकच. लॅपटॉप आणि राउटर जोडले जाताना दोघे एकेक ताजा आकडा एकमेकांना पाठवतात, आणि मूळ किल्लीत ते आकडे मिसळून त्या वेळेपुरती वेगळी किल्ली बनवतात. पण ते आकडे हवेतून उघडे जातात. म्हणजे ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने जोडणीच्या क्षणी कान देऊन ऐकलं, तो शेजारच्याची किल्लीही बनवू शकतो. घरात चार माणसं असतात तोवर याने काही बिघडत नाही. हजार पोरांच्या होस्टेलात असा पासवर्ड ठेवला तर आठवडाभरात तो जिन्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला दिसेल. आणि एक पोरगं कोर्स सोडून गेलं, तर उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचा पासवर्ड बदलायचा.

म्हणून विद्यापीठं दुसरी पद्धत वापरतात. तिचा पाया ८०२.१एक्स नावाच्या मानकात आहे; ते २००१ साली आलं, मुळात तारेच्या नेटवर्कसाठी. २००४ मध्ये वायफायच्या सुरक्षेचं नवं मानक आलं, त्यात ही पद्धत हवेतल्या जोडणीलाही लागू झाली. आज सेटिंगमध्ये 'डब्ल्यूपीए टू एंटरप्राइज' असं जे भारदस्त नाव दिसतं, ते हेच. (त्याआधीचं डब्ल्यूईपी नावाचं कुलूप २००१ मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी कागदावर फोडून दाखवलं होतं. त्याची कहाणी वेगळ्या लेखाची आहे.)

मराठवाड्यात ज्यांच्या गावात गढी आहे, त्यांना ही पद्धत सांगायला सोपी. गढीचा मोठा दरवाजा बंद असतो. त्यातच एक लहानशी दिंडी असते, तिच्यातून आधी नुसतं बोलणं होतं. राखणदार तुम्हाला ओळखत नाही, आणि कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा अधिकारही त्याला नाही. तुम्ही सांगाल ते तो आत नेऊन सांगतो, आतून आलेलं उत्तर तुम्हाला सांगतो. आतून 'येऊ द्या' आलं की मोठा दरवाजा उघडतो. होस्टेलच्या छताला चिकटवलेला तो हिरवा दिवा लुकलुकणारा पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, हा आपला राखणदार. आत बसलेला मालक म्हणजे रेडियस सर्व्हर, विद्यापीठाचा ओळख तपासणारा संगणक. विद्यार्थ्यांची नावनिशी त्याच्याकडे. ओळख पटेपर्यंत डबा तुमच्या लॅपटॉपची ओळखीपुरती बोलणी सोडून एकही बाइट पुढे जाऊ देत नाही. ना वेबसाइट, ना व्हॉट्सॲप.

इथवर सगळ्यांना पटतं. नेटवर्क विचारतं 'तू कोण', आपण नाव-पासवर्ड सांगतो. अर्धी गोष्ट मात्र राहूनच जाते. दिंडीपलीकडून बोलणारा आपल्याच गढीचा आहे कशावरून?

वायफायच्या नावाला काहीच किंमत नसते. मी माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला आत्ता बसल्या जागी विद्यापीठाच्या नेटवर्कचं नाव देऊ शकतो. कुणी अडवत नाही, कुठे नोंद लागत नाही. एखाद्याने लॅपटॉपवर तसलं खोटं नेटवर्क चालू करून तो सॅकमध्ये टाकला आणि कँटीनमध्ये जाऊन बसला, तर आसपासच्या फोनांना खरा डबा दूर आणि खोटा जवळ. ओळखीचं नाव दिसलं आणि सिग्नल जोरदार असला की फोन आपणहून तिकडे ओढला जातो, फोनवाला तिकडे चहा पीत असतो. म्हणून या पद्धतीत क्रम उलटा ठेवलाय. पासवर्डाचा शब्दही निघण्याआधी लॅपटॉप विचारतो: आधी तू सांग, तू कोण?

उत्तरादाखल सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पुढे करतो. लॅपटॉप त्यात मुख्यतः तीन गोष्टी बघतो. हे देणारी संस्था माझ्या विश्वासातली आहे का, त्यावर लिहिलेलं नाव अपेक्षित सर्व्हरचंच आहे का, आणि आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का. कुणी म्हणेल, प्रमाणपत्राची नक्कल करता येईलच की. येते, खुशाल करा, ते गुप्त नसतंच. पण प्रत्येक प्रमाणपत्राच्या जोडीला एक खासगी किल्ली असते, ती सर्व्हरबाहेर जात नाही, आणि बोलणं सुरू होताना सर्व्हरला ती आपल्याकडे असल्याचं गणिताने सिद्ध करावं लागतं. सातबाऱ्याची झेरॉक्स कुणीही काढेल, पण तलाठ्यासमोर उभं राहून 'जमीन माझी' म्हणायची वेळ आली की झेरॉक्सवाला घामाघूम होतो. तसंच हे. ओळख पटली की दोघांमध्ये एक कूटबद्ध बोगदा तयार होतो, आणि पासवर्डाची बोलणी त्या बोगद्यातून होतात. राखणदार डब्यालाही ती कळत नाहीत. तो फक्त बंद पाकिटं इकडून तिकडे देतो. शेवटी मूळ किल्ली निघते ती दर विद्यार्थ्याची, दर जोडणीची वेगळी. रूममेटला स्वतःचा पासवर्ड पाठ असला तरी त्यावरून शेजारच्या कॉटवरची किल्ली बनत नाही.

तपासणीची ती खूण काढली, की बोगदा तरीही तयार होतो. फक्त तो कुणाशी झाला हे कुणी बघत नाही. रूममेटची बाजू घ्यायची तर एक मुद्दा आहे: बऱ्याच ठिकाणी पासवर्ड बोगद्यातूनही जसाच्या तसा जात नाही. सर्व्हर एक आकडा देतो, लॅपटॉप पासवर्ड वापरून त्याचं उत्तर काढतो आणि फक्त उत्तर पाठवतो. या रीतीचं नाव एमएस-चॅप व्ही टू. ऐकायला भक्कम वाटतं. पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं की ते उत्तर फोडायला डीईएस नावाच्या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधणं पुरतं, आणि त्यासाठी बनवलेलं यंत्र ते काम एका दिवसाच्या आत करतं. पासवर्ड कितीही लांब आणि वाकडातिकडा असो. म्हणजे सगळी भिस्त बोगद्यावर, आणि बोगद्याची सगळी भिस्त त्या एका खुणेवर. बऱ्याच विद्यापीठांत ह्याच नाव-पासवर्डावर ईमेलही उघडतं आणि परीक्षेचा फॉर्मही. गूगलने २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइड ११ मध्ये 'तपासू नका' हा पर्यायच काढायला घेतला, तेव्हा पोरांनी बोटं मोडली. मला मात्र बरं वाटलं.

आता भाच्याचा लॅपटॉप. हॉटस्पॉट लागतो, विद्यापीठाचं लागत नाही, परवा लागत होतं. मी विचारलं, हॉटस्पॉटवर वेबसाइट उघडती का?

"ते बी धड नाही. घड्याळ मागं आहे म्हणून काहीतरी दाखवायलंय."

"मग खाली कोपऱ्यात तारीख काय आहे बघ की."

थोडा वेळ शांतता. "मामा, एक जानेवारी दोन हजार बारा."

रात्री होस्टेलची लाइट गेली होती. लॅपटॉपच्या आत, मदरबोर्डावर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक वेळा तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो मेला, मोठी बॅटरी आधीच मेलेली, आणि भिंतीतली वीज गेली, की घड्याळाला धरून ठेवणारं कुणीच उरत नाही. ते कारखान्यातल्या जुन्या तारखेवर जाऊन बसतं. २०१२ सालात जागा झालेला लॅपटॉप सर्व्हरचं प्रमाणपत्र बघतो, त्याची मुदत सुरू व्हायलाच अजून कित्येक वर्षं बाकी. खोटं दिसतंय, असं ठरवून तो मागे फिरतो. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही मला. हॉटस्पॉटला प्रमाणपत्राशी देणंघेणं नाही, तिथे पासवर्ड जुळला की झालं, म्हणून तो लागला.

यातली गंमत बघा. लॅपटॉप आपली वेळ दुरुस्त करतो इंटरनेटवरून, आणि विद्यापीठाचं इंटरनेट मिळायला वेळ आधीच बरोबर पाहिजे. भाच्याने हाताने तारीख बदलली. सेल कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात तीस-चाळीस रुपयांत मिळतो, पण काही लॅपटॉपांत त्याला दोन वायरी आणि छोटं प्लग जोडलेलं असतं. नुसता नाण्यासारखा सेल घेऊन आलास तर दुकानाला दुसरी खेप होईल, एवढं बजावलं.

रूममेटवर मी फार चिडलो नाही. तपासणीची खूण काढून गाडी चालू झाली की माणूस तोडगा सापडला म्हणतो, आणि पुढे प्रत्येक वर्षीच्या नव्या पोरांना तोच वारसा मिळतो. खरी चूक नेटवर्क बसवणाऱ्यांची. सर्व्हरचं नाव काय, प्रमाणपत्र कुणी दिलंय, हे दोन ओळींत छापून होस्टेलच्या फळ्यावर लावायला कितीसा खर्च येतो? निदान भाच्याच्या ग्रंथालयात तसा एक कागद चिकटवलेला होता, एवढं बरं.

हीच पद्धत पुढे ताणून 'एडुरोम' नावाची जगभरची व्यवस्था उभी राहिली. युरोपात ती २००३ च्या सुमारास सुरू झाली. आज शंभराहून जास्त देशांत आहे, भारतात तिचं काम अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे आहे. आपल्या विद्यापीठाचं नाव-पासवर्ड घेऊन माणूस दुसऱ्या विद्यापीठात गेला की तिथला राखणदार आपल्याकडच्या मालकाला विचारून घेतो. लग्नात मांडवाच्या दाराशी 'कुणाकडचे पाव्हणे?' असं विचारून त्या घरच्या माणसाला बोलवावं, तसं. त्यात यजमान विद्यापीठाला पाहुण्याचा पासवर्ड कधीच कळत नाही. बोगदा थेट घरच्या सर्व्हरपर्यंत जातो. मात्र घरचा माणूस खरा की तोतया, हे पाहुण्याच्या लॅपटॉपनेच बघायचं.

तारीख दुरुस्त झाली. भाच्याने नेटवर्क नव्याने जोडायला घेतलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर चौकट आली: हे नेटवर्क इथे असणं अपेक्षित असेल तर पुढे जा, नाहीतर हे त्याच नावाचं दुसरं नेटवर्क असू शकतं.

"हे परवाबी आलं होतं."

"तवा काय केलंस?"

"कनेक्ट दाबलं."

"न वाचता?"

तो हसला. मी म्हटलं, तिथेच सर्टिफिकेटचा तपशील उघड, आणि ग्रंथालयाच्या कागदाचा फोटो काढलायस ना, तो समोर धर. त्याने आधी सर्व्हरचं नाव वाचलं. मग प्रमाणपत्राची ओळख पटवणारी आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ, दोन-दोनच्या जोडीने, शाळेत पाढे म्हणायचा त्या सुरात. मध्येच एकदा अडखळला, बोट सरकलं म्हणाला, पुन्हा सुरुवातीपासून. पाठीमागे कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजत होतं, मेसची घंटा झाली.

"जुळलं मामा. सगळं जुळलं. दाबू?"

"दाब."