पाच प्रश्नचिन्हं आणि एक दुभाषी

एखाद्या संकेतस्थळावरच्या अर्जात ‘मराठी’ हा शब्द भरला, ‘जतन करा’ दाबलं आणि पुढच्या पानावर त्या जागी ????? उमटलं, हे अनेकांनी पाहिलं असेल. कधी दुसराच प्रकार दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार बाजूंना शेपट्या फुटलेलं वर्तुळ, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. दोन्ही वेळा लोक म्हणतात, फॉन्टचा घोळ आहे. फॉन्ट बहुधा निर्दोष असतो. संकेतस्थळाचा प्रोग्रॅम आणि माहिती साठवणारा डेटाबेस यांच्यामध्ये एक दुभाषी बसलेला असतो, आणि खूपदा घोळ तिथे झालेला असतो. त्याला म्हणतात कनेक्शन ड्रायव्हर.

त्याची गरज का पडते? पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस हा वेगळा चालणारा प्रोग्रॅम असतो, पुष्कळदा वेगळ्याच यंत्रावर. पोस्टग्रेस ५४३२ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसतो, मायएसक्यूएल ३३०६ वर. तुमचा प्रोग्रॅम जावामध्ये लिहिलेला असो की पायथॉनमध्ये, त्या दारातून आतबाहेर जातात ते फक्त बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. कोणता बाइट आधी, कोणता नंतर, याचे नियम प्रत्येक डेटाबेसचे स्वतःचे असतात. पहिली ओळख सोडली, तर पोस्टग्रेसच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक अक्षर असतं: प्रश्न विचारायचा तर क्यू, उत्तराची एक ओळ परत आली तर डी, काही चुकलं तर ई. त्यानंतर चार बाइटमध्ये निरोपाची लांबी, मग मजकूर. ही भाषा २००३ साली ७.४ या आवृत्तीत ठरली आणि तिची पुढची आवृत्ती यायला २०२५ उजाडलं. बावीस वर्षं टिकलेला हा करार मला फार मोलाचा वाटतो. त्याच्याच जोरावर कॉक्रोचडीबी आणि युगाबाइटडीबी हे नंतर आलेले डेटाबेस पोस्टग्रेसची भाषा बोलतात आणि पोस्टग्रेसचे ड्रायव्हर त्यांच्याशीही जुळवून घेतात.

(एसक्यूलाइट हा डेटाबेस मात्र निराळा. तो तुमच्या प्रोग्रॅमच्या पोटातच राहतो आणि थेट फाइलीत लिहितो. तिथे दार नाही, त्यामुळे दाराशी होणारी बोलणीही नाहीत.)

आता पहिल्या भेटीकडे नीट बघू, कारण मराठीचं नशीब तिथेच ठरतं. पोस्टग्रेसकडे गेलं की पाहुणा आधी बोलतो: मी अमुक आवृत्तीची भाषा बोलतो, माझं नाव हे, मला तो डेटाबेस हवा. मायएसक्यूएलकडे यजमान आधी बोलतो आणि पाहुण्याने उत्तर द्यायचं असतं. त्या उत्तरात एक बाइट असा असतो, की मी पाठवणार असलेला मजकूर कोणत्या संकेतात, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे. ड्रायव्हरने तिथे ४५ लिहिलं तर अर्थ होतो युटीएफ-८, म्हणजे जगभरच्या लिप्यांचा संकेत, पूर्ण चार बाइटपर्यंतचा. ८ लिहिलं तर अर्थ होतो लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा संकेत, स्वीडिश वर्णक्रमासह. मायएसक्यूएल स्वीडनमधल्या कंपनीत जन्मलं आणि हा वर्णक्रम वर्षानुवर्षं त्याची ठरलेली निवड होता. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून ती जागा युटीएफ-८ ने घेतली.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’मध्ये पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. म्हणजे पंधरा बाइट. समजा प्रोग्रॅमने हे पंधरा बाइट बरोबर पाठवले, पण ओळख करून देताना ड्रायव्हर ‘८’ म्हणाला. लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. सर्व्हर, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅम, विश्वास ठेवतो आणि पंधरा बाइटांची पंधरा युरोपीय चिन्हं समजून ती साठवतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ज्या बाइटने सुरू होतं, तो लॅटिन-१ मध्ये तिरक्या रेघेचा ए आहे. म्हणून तो ए पुन्हा पुन्हा दिसतो.

गंमत पुढे आहे. त्याच चुकीच्या ड्रायव्हरने तोच मजकूर परत मागितला, तर उलट रूपांतर होऊन तो नीट ‘मराठी’ दिसतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. वर्षभर सगळं सुरळीत चालतं आणि एके दिवशी कोणी ड्रायव्हर अद्ययावत करतो. नवा ड्रायव्हर खरं बोलतो आणि सगळा जुना मजकूर त्या विचित्र ए-च्या रांगांनी भरून जातो. शिव्या नव्या ड्रायव्हरला बसतात.

प्रश्नचिन्हांची कथा वेगळी. लॅटिन-१ मध्ये ‘म’ला जागाच नाही. मजकूर नीट साठवलेला असेल आणि वाचणाऱ्याने स्वतःला लॅटिन-१ वाला म्हणवलं असेल, तर मायएसक्यूएल प्रत्येक न बसणाऱ्या चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह देतं. तेव्हा माहिती आत सुखरूप असते. पण तक्त्यातला रकानाच लॅटिन-१ चा असेल आणि सर्व्हरची मांडणी शिथिल असेल, म्हणजे न बसणारा मजकूर तो नाकारत नसेल, तर प्रश्नचिन्हंच साठवली जातात आणि मूळ शब्द कायमचा जातो. पोस्टग्रेस अशा वेळी प्रश्नचिन्ह न देता सरळ चूक दाखवून थांबतो. मला हे वागणं जास्त प्रामाणिक वाटतं.

मायएसक्यूएलचा जुना ‘युटीएफ-८’ फक्त तीन बाइटपर्यंतचा होता. देवनागरी त्यात मावते, म्हणून मराठी संकेतस्थळांना अडचण जाणवली नाही. इमोजी आले तेव्हा जाणवली. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक यादीत, आली आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मोडी कागदपत्रांची सूची कोणी त्या लिपीतच करणार असेल, तर त्याने जुन्या युटीएफ-८ वर विसंबून चालणार नाही.

ड्रायव्हरचं दुसरं मोठं काम म्हणजे प्रश्न आणि मजकूर वेगळे ठेवणं. गोव्यात आणि वसईत रोमन लिपीत लिहिलेली डिसूझा, डिमेलो अशी आडनावं पाहा. डी-नंतर वर एक खूण असते आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, तीच खूण म्हणजे मजकूर संपल्याची निशाणी. प्रोग्रॅमरने नाव थेट वाक्यात जोडून प्रश्न तयार केला, तर डिसूझांचा अर्ज ‘डी’पाशी तुटतो. हीच फट वापरून लबाड माणूस स्वतःचा हुकूम आत घुसवतो. चांगला ड्रायव्हर प्रश्नाचा साचा आधी पाठवू देतो आणि नाव मागाहून स्वतंत्र निरोपात. मग नावात काहीही असलं, तरी सर्व्हर ते नाव म्हणूनच वाचतो.

तर असा ड्रायव्हर शोधायचा कुठे? आधी दोन थर वेगळे ओळखावेत. १९९२ ची ओडीबीसी आणि १९९७ ची जावाची जेडीबीसी या ठरलेल्या पद्धती आहेत: प्रोग्रॅमरने हाक कशी मारायची एवढंच त्या सांगतात. ती हाक विशिष्ट डेटाबेसच्या भाषेत नेणारा ड्रायव्हर प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा लागतो. त्यातही दोन घराणी आहेत. पायथॉनचा सायकोपीजी हा पोस्टग्रेसच्या स्वतःच्या सी भाषेतल्या लिबपीक्यू या ग्रंथालयावर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा आहे. जावाचा पीजीजेडीबीसी किंवा गो भाषेतला पीजीएक्स ती सगळी बोली स्वतःच बोलतात. पहिल्यात मूळ प्रकल्पाची दुरुस्ती आपोआप मिळते, दुसऱ्यात यंत्रावर वेगळं काही बसवावं लागत नाही.

शोध नेहमी डेटाबेस प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळापासून सुरू करावा आणि पॅकेजचं, म्हणजे ड्रायव्हरच्या तयार गाठोड्याचं, नेमकं नाव तिथून उचलावं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारात एकाच खात्यावरून आलेली सुमारे ४० फसवी पॅकेजेस सापडली. त्यांत ‘मायएसक्यूएलजेएस’ होतं आणि मंगूज या मॉन्गोडीबीच्या लोकप्रिय साधनाचं एक ओ गाळलेलं नावही होतं. या टोळीतलं सर्वांत गाजलेलं पॅकेज यंत्रावरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमसाठी यंत्रावर ठेवलेली मांडणीची माहिती, चोरून नेत होतं, आणि डेटाबेसचा पासवर्ड पुष्कळदा तिथेच ठेवलेला असतो.

मग आवृत्ती. पोस्टग्रेसने २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीत पासवर्ड तपासण्याची स्क्रॅम ही भक्कम पद्धत आणली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत तीच ठरलेली केली. जुने ड्रायव्हर त्यावर ‘ओळख पटवण्याचा प्रकार १० माहीत नाही’ असं म्हणून परत फिरतात. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही आणि माणूस तासन्‌तास पासवर्ड बदलत बसतो. जावावाल्यांना यासाठी ४२.२.० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. परवानाही वाचावा: पीजीजेडीबीसी मोकळ्या बीएसडी परवान्याचा आहे, मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर जीपीएलचा, काही सवलतींसह; हा परवाना त्यावर बांधून वाटलेल्या सॉफ्टवेअरचा कोडही खुला ठेवायला सांगतो. तुमचं सॉफ्टवेअर बंद स्वरूपात विकायचं असेल, तर हा फरक वकिलापर्यंत जाऊ शकतो.

मायएसक्यूएलसाठी नवा ड्रायव्हर घेतला की मी आधी युटीएफ-८ चा एक छोटा तक्ता करतो, त्यात ‘मराठी’ लिहितो आणि सर्व्हरलाच विचारतो की चिन्हं किती, बाइट किती. ५ आणि १५ आलं तर सगळं ठीक. ५ आणि ५ आलं तर आत प्रश्नचिन्हं बसली आहेत. १५ आणि ३१ आलं तर तो ए-चा घोळ आहे, आणि उलट रूपांतर करून शब्द परत मिळवता येतो. मात्र त्या पंधरा चिन्हांत एक न दिसणारी मोकळी जागा असते, ‘ठ’चा तिसरा बाइट. कोणी दुरुस्तीच्या आधी मजकुरातल्या जागा ‘साफ’ केल्या असतील, तर बाकी चारही चिन्हं परत येतात, ‘ठ’ येत नाही.