‘मुस्लिम मराठी’ हे जोडनाव आलं कुठून?

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला दोन प्रश्न आयुष्यभर पुरतात. मराठी वाचक विचारतो, “वेगळी चूल कशाला मांडली?” आणि मोहल्ल्यातली जाणती माणसं विचारतात, “उर्दू सोडून मराठीत का?” दोन्ही प्रश्न एकाच जोडनावाभोवती फिरतात. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं आणि ‘मुस्लिम मराठी’ हे शब्द मांडवाच्या कमानीवर चढले. ते का चढले याचा विचार न करताच आपल्याकडे त्यावर वाद घातला जातो. म्हणून हे टिपण.

फार मागचं थोडक्यात सांगतो. आदिलशाही-निजामशाहीची कित्येक फर्मानं फारसी आणि मराठी अशी दुभाषी निघत. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकातले. वारकरी आजही त्यांना संत मानतात. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी गाजवणारे सगनभाऊ शिकलगार मुसलमान. त्यांना आपण शाहीर म्हणतो, आणि तो शब्दही ‘शायर’वरूनच आलेला. या मंडळींना कुणी जोडनाव दिलं नाही. त्या काळी मुसलमानाला मराठीत ‘अविंध’ म्हणत, म्हणजे कान न टोचलेला. शेख महंमदांनी तो शब्द स्वतःला लावून घेतला आणि त्याच दमात आपल्या हृदयात गोविंद असल्याचं सांगितलं. दुसऱ्यांनी दिलेलं नाव आपण उचलायचं आणि त्यात आपला अर्थ भरायचा, ही रीत इतकी जुनी आहे. १९९० च्या निर्णयाकडे बघताना मला ती नेहमी आठवते.

गावगाड्यातला मुसलमान कसा होता हे वाचकांना माहीत आहे. मुलाणा बलुत्यात होता. अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, मणियार ही नावं धंद्यावरून पडलेली. कडेगावच्या उंच ताबुतांना आजही सगळ्या जातींचे हात लागतात. मुद्दा भाषेचा आहे. घरात दखनी, पेठेत मराठी, मशिदीत अरबी आणि पत्रिका छापायची वेळ आली की उर्दू, असं ते चौपदरी जगणं होतं. आमच्या घरच्या दखनीत ‘नक्को’ आहे, ‘कायकू’ आहे, आणि जोर द्यायचा असला की ‘मैंच’, ‘वोइच’ म्हणताना शेवटी येणारा तो ‘च’ आहे. यांतला ‘नक्को’ आणि हा ‘च’ तर थेट मराठीचं देणं. दिल्ली-लखनौच्या कानाला ही बोली खेडवळ वाटते. आम्हाला ती आईची वाटते. कोकणातला मुसलमान तर घरातही कोकणीच बोलत आला. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केपटाऊनला गेलेल्यांनी ती बोली सोबत नेली. तेव्हा “मुसलमानांची भाषा उर्दू” हे वाक्य महाराष्ट्रात कधीच पुरतं खरं नव्हतं.

खरी कलाटणी १९४८ ची. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली कचेरी, कोर्ट आणि वरचं शिक्षण उर्दूत होतं. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञान आणि वैद्यकही उर्दूतून शिकवत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि निजामाचं हैदराबाद संस्थान पाच दिवसांत भारतात आलं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड, त्यांच्याशी काही संबंध नसलेल्या गरीब मुसलमानांवरही निघाला. केंद्राने चौकशीला पाठवलेल्या समितीचा अहवाल कित्येक दशकं जाहीर झाला नाही. ज्या घरांत ते घडलं तिथे त्याबद्दल बोललंच गेलं नाही. मोठी माणसं गप्प राहिली आणि पोरं मराठी शाळेत गेली. उर्दूत जमिनीचे कागद वाचणाऱ्या बापाचा मुलगा मराठीत निबंध लिहू लागला. पुढे १९६० साली राज्य झालं, १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, वाड्यावस्त्यांवर मराठी शाळा पोचल्या. उर्दू शाळा बहुतेक तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या वस्तीतच. खेड्यातल्या मुसलमान मुलाने मराठी निवडली असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्याच्या गावात शाळाच ती होती. साठ-सत्तरच्या दशकांत जी मुसलमान नावं मराठी मासिकांत आणि कवितासंग्रहांवर दिसू लागली, त्यांतली बरीचशी या शाळांमधून आलेली आहेत. माझ्या मते हे या विषयातलं सर्वांत कमी सांगितलं गेलेलं कारण आहे.

त्याआधीच्या पिढीत अमर शेख होऊन गेले. बार्शीचा हा शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारोंच्या सभा आवाजावर पेलायचा. त्यांना कुणी ‘मुस्लिम शाहीर’ म्हटलं नाही, याचं कौतुक अनेकांनी केलं आहे. मलाही ते मोठं वाटतं. पण ते व्यासपीठ कामगारांचं आणि भाषिक राज्याच्या मागणीचं होतं. मोहल्ल्यातलं जगणं, तलाक, मदरसा, दंगल, भाड्याचं घर हे त्या व्यासपीठाचे विषय नव्हते. नाव पुसलं जात होतं आणि त्याबरोबर अनुभवही बाहेर राहत होता.

तो अनुभव आत आणला हमीद दलवाईंनी. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा कथाकार. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सात म्हणजे फक्त सात बायका. त्या दिवशी त्या रस्त्यावर चालायला काय धैर्य लागलं असेल ते आपण आजही नीट मोजलेलं नाही. १९७० मध्ये पुण्यात सुधारणावादी मंडळ निघालं. १९७७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी दलवाई गेले.

दलवाईंबद्दल मला आदर आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पण मराठी वाचकाने त्यांच्याकडून एक सवय लावून घेतली. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणजे आपल्या समाजाच्या चुका सांगणारा, असा साचा तयार झाला. त्यात बसणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. ज्याला हातमागाबद्दल, बहिणीच्या लग्नाच्या कर्जाबद्दल किंवा उरसातल्या पाळण्याबद्दल लिहायचं होतं, त्याला संपादक विचारत, “यात मुस्लिम काय आहे?” तलाकनंतरच्या पोटगीबद्दलचा १९८५ चा शाहबानो निकाल आणि १९८६ चा कायदा आल्यावर तर प्रत्येक मुसलमान लेखकाला आधी त्यावर मत देऊन मग कविता वाचावी लागे. दलवाईंच्या लेखनाला यासाठी दोष देणं अन्याय होईल. दोष वाचणाऱ्यांच्या अपेक्षेचा होता.

दुसऱ्या बाजूला दलित साहित्य उभं होतं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, सत्तरच्या दशकात आत्मकथनं आली आणि मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलला. ख्रिस्ती मराठी लेखकांची संमेलनं तर स्वातंत्र्याच्या आधीपासून भरत होती. म्हणजे वेगळा मांडव घालण्याची वाट मळलेली होती. मुसलमान त्या वाटेने निघाला तेव्हाच ‘वेगळी चूल’ हा शब्द इतक्या जोरात का निघाला, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

आता त्या नावाकडे येतो. वाद चारही बाजूंनी आला. काहींना ‘इस्लामी साहित्य’ हवं होतं, म्हणजे धर्माच्या मूल्यांशी बांधलेलं. काहींचं म्हणणं, विशेषणच नको. लेखक तो लेखक. काही जण ‘मराठी मुस्लिम’ म्हणा म्हणत होते, म्हणजे मराठीपण आधी येईल. आणि शेवटी जे टिकलं ते ‘मुस्लिम मराठी’. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण यात खूप काही अडकलेलं आहे. ‘मराठी मुस्लिम’ ही माणसाची ओळख झाली. ती कोण कुठला हे सांगते. ‘मुस्लिम मराठी’ साहित्याला लागतं. भाषा मराठी आणि अनुभव मुसलमानाचा, एवढंच ते सांगतं. ‘इस्लामी’ टाळल्यामुळे नास्तिकालाही या मांडवात जागा राहिली, नमाजी माणसालाही राहिली, आणि मोहल्ल्याबद्दल जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या हिंदू लेखकालाही दार बंद झालं नाही. ही निवड विचारपूर्वक होती असं मी मानतो. तरी एक अडचण उरली. ‘दलित’ हा शब्द परिस्थिती सांगतो, ‘मुस्लिम’ हे धर्माचं नाव आहे. त्यामुळे वाचक आत शिरतानाच धर्म शोधू लागतो आणि त्याला तिथे फळांचा गाडा, गॅरेज, बांगड्यांची टोपली आणि पावसाळ्यात गळणारं घर सापडतं. तो थोडा निराश होतो. नावाने केलेलं हे नुकसान खरं आहे आणि नावाचं समर्थन करणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं.

त्याच १९९० साली पुण्यात झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद संतसाहित्याच्या एका मुस्लिम अभ्यासकाकडे होतं. “बघा, दार उघडंच आहे,” असं एक बाजू म्हणाली. “एका अभ्यासकासाठी उघडलेलं दार सगळ्यांसाठी उघडं असतं का?” असं दुसरी म्हणाली. मी दुसरीकडे झुकतो. ज्यांना कुठल्याही मासिकाने कधी छापलं नाही अशा तालुक्याच्या गावातल्या शिक्षकांना आणि कारकुनांना माईकसमोर उभं राहायला तो सोलापूरचा मांडव लागला.

याच सुमारास ‘मुस्लिम’ या शब्दाला आतूनही तडे जात होते. मागास मुस्लिम जातींनी ओबीसी सवलतींची मागणी लावून धरली होती आणि १९९४ मध्ये राज्य सरकारचा त्याबाबतचा निर्णय निघाला. बागवान, अत्तार, तांबोळी ही नावं पुन्हा सरकारी कागदावर आली. साहित्याच्या आणि या चळवळीच्या मांडवात काही माणसं तीच होती. एकीकडे ‘मुस्लिम’ म्हणून एकत्र यायचं, दुसरीकडे इस्लाममध्ये जात नाही म्हणणाऱ्यांना आपली जात दाखवून द्यायची. ही ओढाताण त्या दशकातल्या कवितेत दिसते, आणि मला ती कविता त्याचमुळे सच्ची वाटते.

पण मधल्या काळात ६ डिसेंबर १९९२, बाबरी मशीद पाडली तो दिवस, येऊन गेला होता, आणि त्यामागोमाग मुंबईची दंगल. त्यानंतर लिहिण्याचा विषय निवडण्याची मोकळीक पुन्हा कमी झाली. वस्ती बदलणं, घर न मिळणं, नाव सांगताना क्षणभर थांबणं हे सगळं मजकुरात आलं. २००६ मध्ये मुसलमानांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आल्यावर आकडे हातात आले. २०१४ साली राज्याने मुस्लिमांतल्या काही गटांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातला भाग तूर्त राहू दिला, नोकऱ्यांतला रोखला, आणि पुढे तो अध्यादेशच विरून गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तोंडी तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये त्यावर कायदा आला. त्या सात बायकांच्या मोर्च्याला तेव्हा अर्धं शतक उलटून गेलं होतं, आणि मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला पुन्हा “तुमचं मत काय?” हा फोन आला.

भाषेचा प्रश्न मात्र तसाच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, आणि उर्दू मातृभाषा नोंदवणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्यांत मराठी, हिंदी, कोकणी, गुजराती सगळे आले. त्या ७५ लाखांतही दखनी किती मिसळली आहे, हे आमच्या घरावरून मला कळतं. त्या वेळी प्रगणक दारात आले, त्यांनी आडनाव लिहिलं आणि मातृभाषेच्या रकान्यात न विचारताच ‘उर्दू’ भरलं. आईला उर्दू वाचता येत नाही. ती पोथीसारखं लावून मराठी पेपर वाचते आणि भांडते दखनीत. ती आतून ओरडली, “वो नक्को लिखो, हमना पूछो तो सही.” तोवर ते पुढच्या दारात गेले होते.