परसातील प्राणी आणि कुत्र्याचे भुंकणे

परसात, अंगणात किंवा वाडीत शिरलेल्या प्राण्याची चाहूल लागताच पाळीव कुत्रा भुंकून, गुरगुरून वा धावून जाऊन जो प्रतिसाद देतो, त्याविषयीची ही नोंद. कोकणात आणि सह्याद्रीलगतच्या गावांत खार, मुंगूस, घूस, धामण, घोरपड, वानर आणि शेजारचे मांजर हे त्याचे नेहमीचे निमित्त असते.

लांडगा हा कुत्र्याचा सर्वांत जवळचा आप्त. पण पूर्ण वाढलेला लांडगा क्वचितच भुंकतो, तेही बहुधा धोका जाणवला तर. कुत्रा मात्र खेळताना, एकटा पडल्यावर, पाहुणा आल्यावर, अशा नाना प्रसंगी भुंकतो. हे सगळे भुंकणे एकसारखे नसते. सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅककोवन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परक्याच्या चाहुलीने होणारे भुंकणे खालच्या पट्टीतले व खरखरीत, तर एकटेपणातले आणि खेळातले वरच्या पट्टीतले आढळले. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, नुसते ध्वनिमुद्रण ऐकूनही माणसे भुंकण्यामागचा प्रसंग बऱ्यापैकी ओळखतात. कधी कुत्रा न पाळलेलेसुद्धा. म्हणूनच ‘उगाच भुंकतोय’ म्हणून कुत्र्याला दटावण्याआधी परसात एक नजर टाकावी.

माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. उंदरांचे आपल्याला न ऐकू येणारे आवाज त्याच्या कानी पडतात आणि रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्याकडे तो कान टवकारून बसतो. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण हालचाल चटकन टिपता येते. त्यामुळे खोडाला चिकटून निश्चल बसलेली खार नजरेतून निसटते आणि शेपटी हलली की सापडते. मग पुढचे पाय खोडावर टेकून, वर बघत त्याचे भुंकणे सुरू होते. खारही वरून चिकचिकत राहते आणि दोघांचे तासभर चालते.

सापापुढे त्याचा पवित्रा वेगळा असतो. मान पुढे, मागचे पाय ताठ, पाठीवरचे केस उभे. दोन पावले पुढे, दोन मागे, आणि जागा न सोडता एकाच ठिकाणाकडे बघून सतत भुंकणे. असा कुत्रा दिसला तर आधी त्याला मागे घ्यावे, हात घालून पाचोळा उचकू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे महाराष्ट्रातले प्रमुख विषारी साप. हुंगायला गेलेल्या कुत्र्याला दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर होतो. त्यावर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. झाडपाल्यात वेळ घालवणे जिवावर बेतते.

पावसाळ्यात चरबट कातडीच्या मोठ्या भेकाला तोंड लावल्यास त्याच्या कानामागच्या ग्रंथींतील विषाने कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. तोंड खाली झुकवून, पाणी पोटात जाणार नाही अशा बेताने बाजूने धुवावे आणि पशुवैद्याकडे न्यावे. मुंगसाशी झटापट झाली असेल तर रेबीजची शक्यता धरूनच उपचार करावे लागतात.

प्रतिसादात जातीचाही वाटा असतो. जर्मनीत बिळातल्या बिज्जूच्या शिकारीसाठी जोपासलेला डॅक्सहुंड जमिनीखालून भुंकून शिकाऱ्याला जागा कळवीत असे. परसात बीळ दिसले की तो आजही उकरू लागतो. मराठवाड्यातला कारवानी नजरेने शिकार करणारा, त्यामुळे तो भुंकत बसण्याआधी धावत सुटतो.

बिबट्याच्या टापूत मात्र कुत्र्याला परसात मोकळा किंवा बांधून ठेवणे धोक्याचे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून आहार तपासला, तेव्हा खाल्लेल्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. रात्री त्याला घरात किंवा भक्कम जाळीच्या खुराड्यात घ्यावे.

भुंकणे आटोक्यात आणण्यासाठी मारझोड निरुपयोगी असते. भीतीने ते वाढतेच. मालकाने वरडून दटावले तर पुष्कळ कुत्र्यांना तोही भुंकण्यात सामील झाला असे वाटते. चाहूल दिली की जवळ बोलवावे, गप्प होताच खाऊ द्यावा, आणि दिवसातून दोनदा तरी दूरवर फिरवून आणावे. उघडा कचरा आणि सांडलेले धान्य आवरले की घुशी-उंदीर घटतात, त्यांच्यामागे येणारे सापही. म्हातारा कुत्रा परसात काहीच नसताना रात्रभर भुंकू लागला, तर बहिरेपणा, दुखणे किंवा स्मृतिभ्रंश यांची तपासणी करून घ्यावी.