डोके एक, आटे अनेक: मोडक्या ग्रीस निपलची पार्श्वभूमी

खडकाळ वाटेवर चालणाऱ्या फोर-बाय-फोरच्या पोटाखाली मोडणाऱ्या वस्तूंत ग्रीस निपल, म्हणजे सांध्यात ग्रीस भरायचे छोटे धातूचे तोंड, सर्वांत स्वस्त. तरी बदलायला घेतला की तोच सर्वांत जास्त वेळ खातो. नवा निपल दिसायला हुबेहूब असतो, ग्रीसगनही (दाबाने ग्रीस भरायचे हत्यार) त्यावर नीट बसते, पण भोकात तो सैल फिरतो किंवा दोन आट्यांनंतर अडतो. याचे मूळ एका अर्धवट राहिलेल्या प्रमाणीकरणात आहे. निपलचे बाहेरचे डोके जगभर जवळजवळ एकसारखे झाले. आत जाणारे आटे मात्र ज्याचे त्याचे राहिले.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. आसाला हाताने वंगण फासणे, मग तेलाच्या वाट्या, मग टोपण पिळून ग्रीस आत ढकलणाऱ्या पितळी वाट्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिकागोत दाबाने ग्रीस भरणारी पद्धत निघाली. त्या निपलला आडवी पिन असे आणि गनची नळी त्यावर फिरवून अडकवावी लागे. १९२० च्या दशकात ऑस्ट्रियात जन्मलेल्या एका संशोधकाचा नुसती गन टेकवून दाबायचा निपल आला. त्यात ग्रीस आत जाणे न जाणे हाताच्या जोरावर होते. १९३० च्या दशकात आजचा प्रकार रुळला: छोटे गोलसर डोके, खाली मान, तोंडाशी स्प्रिंगवरचा छर्रा. गनच्या तोंडातले जबडे मानेला धरतात आणि दाब वाढेल तशी पकड घट्ट होते.

हे डोके इतके चांगले जमले की पुढे त्याला कुणी फारसा हात लावला नाही. १९४० च्या दशकातल्या गाडीवर आजची गन चालते. मोटारीच्या दुसऱ्या कुठल्या भागाबद्दल असे सहसा म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या हलक्या फोर-बाय-फोर गाड्यांनी हा निपल जगभर नेला. त्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगांच्या शॅकलमध्ये (टांगत्या दुव्यांत), चाके वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकांत, चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या यूजे क्रॉसमध्ये (युनिव्हर्सल जॉइंटमधला चार भुजांचा तुकडा) आणि लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या स्लिप जॉइंटवर निपल होते. वेळापत्रक दर हजार मैलांचे, आणि नाला ओलांडला की लगेच पुन्हा ग्रीसिंग. सतत पाणी आणि चिखल म्हटल्यावर यात अतिरेक काही नव्हता. त्या काळचे ग्रीसही अडचणीचे होते. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण तापले की पातळ होई. सोड्याचे ग्रीस उष्णता सोसे, पण पाण्याने धुऊन निघे. दोन्ही गुण एकत्र आणणाऱ्या लिथियम ग्रीसचे पेटंट १९४२ चे, आणि ते सर्वदूर पोचायला युद्धानंतरची वर्षे लागली. तोवर निपल हा गाडीवरचा रोजच्या वापराचा भाग होता. मोडला की पेटीतला दुसरा बसवायचा. सगळ्या गाड्या एकाच देशाच्या मापांच्या असल्याने तो बसेही.

अडचण सुरू झाली ती शांततेच्या काळात, जेव्हा प्रत्येक देश स्वतःच्या मापांनी अशा गाड्या बनवू लागला.

अमेरिकी गाड्यांत लहान निपलचे आटे १/४–२८, म्हणजे पाव इंच व्यास आणि इंचाला २८ आटे. जागा असेल तिथे १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी निमुळते पाइप-आटे. ब्रिटनकडे पाव इंचालाच इंचाला २६ आट्यांचे बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) होते, तेही ५५ अंशांच्या खाचेचे. अमेरिकी आटे ६० अंशांचे. युद्धात एकमेकांचे सुटे भाग बसेनात म्हणून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे समाईक आटे मान्य केले. त्यानंतर ब्रिटिश गाड्यांतही पाव इंची यूएनएफ (त्या समाईक मानकातल्या बारीक आट्यांचे) निपल दिसू लागले. पण समझोता बोल्ट-नटांच्या आट्यांपुरता होता. पाइपचे आटे त्यातून वगळले गेले, आणि मोठे निपल नेमके पाइपच्या आट्यांवर बसतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच. वगळण्यामागे कारण होतेच: घराघरांतल्या, कारखान्यांतल्या नळजोडण्या कोण बदलणार? किंमत मात्र गाडीखाली पाठीवर झोपलेला माणूस आजही मोजतो.

आकड्यांत पाहिले तर घोटाळा कळतो. १/८ इंच म्हणजे जेमतेम ३.२ मिमी, पण १/८ च्या निपलवर एवढे माप कुठेच सापडत नाही, कारण तो आकडा पाइपच्या आतल्या व्यासावरून पडलेला आहे. आट्यांचा बाहेरचा व्यास एनपीटीत १०.२९ मिमी, इंचाला २७ आटे. बीएसपीटीत, म्हणजे ब्रिटिश निमुळत्या पाइप-आट्यांत, ९.७३ मिमी, इंचाला २८ आटे. त्यांच्या मधोमध जर्मन मानकातला एम१० × १ (व्यास १० मिमी, आट्यांतले अंतर १ मिमी) येऊन बसतो. तिघे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या पट्ट्यात, आणि दिसायला तिघे सारखे. बीएसपीटीचा निपल एनपीटीच्या भोकात खोलवर जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि ग्रीसचा दाब आला की कडेने गळतो. चांगली हातगन १०,००० पीएसआय, म्हणजे सुमारे ६९० बारपर्यंत दाब देऊ शकते. ग्रीसची पुढची वाट चोंदलेली असेल तर तो सगळा दाब त्या दोन-तीन आट्यांवर येतो.

लहान निपलची गत याहून वाईट. १/४–२८ चा व्यास ६.३५ मिमी, एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ०.९०७ मिमी. एम६ × १ मध्ये ६ मिमी आणि १ मिमी. जपानी मानकात ६ मिमीलाच ०.७५ मिमीचे बारीक आटेही आहेत. एम६ चा निपल पाव इंची भोकात सैल का होईना, शिरतो. उलट पाव इंची निपल एम६ च्या भोकात पान्याच्या जोरावर घुसवता येतो, मूळ आटे कापत. असा एकदा घुसवला की त्या भोकात पुन्हा एम६ धरत नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय छापले आहे याला मर्यादित अर्थ उरतो. मधल्या मालकांनी काय काय पिळून बसवले, ते थ्रेड गेजनेच (आटे मोजायच्या दातेरी पट्टीने) कळते. गेज नसेल तर जवळच्या शाबूत निपलचा आटा माहीत मापाच्या टॅपच्या (भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या) दातांत बसवून उजेडासमोर धरावा, फट दिसते.

दुरुस्तीच्या पद्धतीही याच गोंधळाच्या अवतीभवती वाढल्या. दगडाने मोडलेला निपल बहुधा आट्यांच्या वरच, जिथे पोकळ भिंत सर्वांत पातळ असते तिथे तुटतो. आत राहिलेला तुकडा आधीच पोकळ असतो, म्हणून तुटलेल्या बोल्टसारखे त्यात भोक पाडावे लागत नाही. चौकोनी टोकाचा एक्स्ट्रॅक्टर सरळ ठोकून उलटा फिरवता येतो. मात्र तुकडा पातळ आहे. एक्स्ट्रॅक्टर जास्त ठोकला तर तो फुगून भोकात आणखी आवळतो. मग उरते मोठे भोक पाडणे, आणि इथे मेकॅनिक मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, सरळ १/८ एनपीटीचा टॅप मारा, पुढची कटकट मिटली. त्यासाठी साडेआठ मिमीच्या आसपासचे ड्रिल लागते. टाय रॉडच्या जाड डोक्यात एवढे मांस असते, यूजे क्रॉसच्या अंगात ते नसते. दुसरा तट बिनआट्याचा, ठोकून बसवायचा निपल वापरतो, किंवा जाताना स्वतःचे आटे पाडणारा. ठोकलेला निपल चोंदलेल्या जॉइंटवर जोराने गन मारली की गोळीसारखा सुटू शकतो. तोंड समोर ठेवून काम करू नये. तरी पातळ जागी मला दुसरा तट बरोबर वाटतो. टॅप मारायचाच असेल तर त्याच्या खाचांत ग्रीस भरून मारावा, म्हणजे कीस तिथेच चिकटतो. क्रॉसमधल्या भोकात पडलेला कीस थेट सुया-बेअरिंगकडे जातो, तेव्हा तिथे बेअरिंगचा कप (भुजेच्या टोकावरची टोपी) काढून आतून पुसण्याला पर्याय नाही.

निपल शाबूत असून ग्रीस घेत नसेल तर बारीक पिनेने छर्रा दाबून पाहतात, किंवा पातळ तेल भरलेली, हातोडीने ठोकायची दट्ट्याची नळी निपलवर धरतात. डोके झिजून गन निसटत असेल तर खटका दाबून जबडे आवळणारी गनची तोंडे अलीकडे मिळतात. बदली टळत नाही, लांबते.

दरम्यान, युद्धानंतरच्या काळात मोठ्या कंपन्यांनी निपलच काढून टाकायचे ठरवले होते. लिथियम ग्रीस, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड, बॉल जॉइंटमध्ये प्लॅस्टिकचे अस्तर आणि चांगले रबरी बूट (सांधा झाकणारी टोपणे) आल्यावर वेळापत्रक लांबले. १९६१ च्या मॉडेलांसाठी एका अमेरिकी कंपनीने ३०,००० मैलांची मुदत जाहीर केली. कारखान्यातून निपलऐवजी आट्याचा बूच लावून गाड्या बाहेर पडू लागल्या. ग्रीसिंगच्या वेळी बूच काढून निपल बसवायचा. पुढे बूचही गेला आणि ‘आयुष्यभरासाठी सीलबंद’ जॉइंट आले. डांबरी रस्त्यावर हा सौदा बरा ठरला. चिखलात बूट फाटला की सीलबंद जॉइंटमधले पाणी आणि वाळू बाहेर ढकलण्याचा मार्ग उरत नाही. निपलवाल्यात जुने ग्रीस घाणीसकट बाहेर येते. गाडी बोनेटपर्यंत पाण्यात उतरवणाऱ्यांनी म्हणूनच निपल सोडला नाही.

यूजे क्रॉसच्या बाबतीत मात्र सीलबंदवाल्यांचे म्हणणे डावलता येत नाही. ग्रीस जायला क्रॉसच्या अंगात भोके पाडावी लागतात, आणि निपलचे भोक नेमके दोन भुजांच्या बेचक्यात, जिथे ताण सर्वाधिक. मोठी चाके आणि लो गिअर लावून दगडावर चढताना क्रॉस अनेकदा तिथूनच फुटतो. म्हणून निपल बसवताना पुढे जाण्याच्या वेळी ती बाजू ताणली न जाता दाबली जाईल, अशी दिशा ठेवायचा सल्ला देतात. नंतरच्या काही क्रॉसमध्ये निपल अंगातून हलवून कपच्या टोकाला नेला. काहींत डोके नसलेला सपाट निपल आला, जो सुईच्या तोंडाने भरायचा. त्याला दगड लागत नाही, पण त्याच्या खळग्यात चिखल बसतो, आणि सुई टेकवण्याआधी तो टोकरून काढला नाही तर ग्रीसच्या आधी तोच बेअरिंगमध्ये जातो.