टक्के कशाचे? मिश्रणाचे धोका-वर्गीकरण करून घेण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

एसडीएस (रसायनाचे धोके आणि सुरक्षित हाताळणी सांगणारी माहितीपत्रिका, जुने नाव एमएसडीएस) आणि लेबलासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मेलचा मजकूर सारखाच असतो : "सोबत एमएसडीएस जोडली आहे, आमच्या नावाने करून द्यावी, माल परवा निघणार आहे." जोडलेली फाइल इंटरनेटवरून उतरवलेली आणि शुद्ध रसायनाची असते. ग्राहकाचे उत्पादन मात्र त्या रसायनात पाणी, सर्फॅक्टंट, रंग आणि आणखी दोन-तीन घटक मिसळून तयार झालेले असते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील प्लेटिंग व पेंटिंगचे कारखाने, जालन्यातील पोलादाशी संबंधित युनिट, लातूर परिसरातील तेल उद्योग अशा सर्व ठिकाणच्या ग्राहकांकडून हीच विनंती येते आणि प्रत्येक वेळी आम्हाला तेच प्रश्न उलट विचारावे लागतात. त्या प्रश्नोत्तरांत आपले चार-पाच दिवस जातात. ते वाचावेत म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

वर्गीकरण कशाचे होते हे आपणांस ठाऊक आहेच, म्हणून थोडक्यात लिहितो. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पद्धतीची, म्हणजे जीएचएसची, पहिली आवृत्ती 2003 मध्ये आली. तिच्यात भौतिक धोके, आरोग्याचे धोके आणि पर्यावरणाचे धोके असे तीन गट आहेत. पेट घेणे, स्फोट होणे, ऑक्सिडीकरण करणे, धातू खाणे हे भौतिक धोके होत. विषारीपणा, त्वचा व डोळ्यांची इजा, ॲलर्जी, कर्करोग, प्रजननावरील परिणाम, विशिष्ट अवयवाची हानी आणि फुफ्फुसात द्रव उतरण्याचा धोका हे आरोग्याचे धोके होत. आपल्याकडे घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीच्या 1989 च्या नियमांनी एसडीएस आणि लेबल बंधनकारक केले. त्या नियमांचे निकष जीएचएसशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि परदेशी खरेदीदार किंवा मोठी वाहन कंपनी सहसा जीएचएसप्रमाणेच कागद मागते. म्हणून आम्ही दोन्ही निकष तपासून कागद तयार करतो. सोळा विभागांच्या एसडीएसमधील दुसरा विभाग, म्हणजे धोक्याची ओळख, हा सगळ्याचा पाया आहे. तो चुकला की लेबल, साठवणुकीच्या सूचना, प्रथमोपचार आणि वाहतुकीचा विभाग हे सारेच चुकते.

आता मुख्य मुद्दा. सर्वाधिक वेळ ज्या चुकीमुळे जातो ती चूक म्हणजे घटकाच्या नावापुढे टक्के लिहिणे, पण ते टक्के कशाचे हे न लिहिणे.

एका ग्राहकाचे उदाहरण सांगतो. त्यांचे सफाईचे द्रव हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेले होते. फॉर्म्युल्याच्या कागदावर "पेरॉक्साइड 15 किलो, पाणी व इतर मिळून एकूण 100 किलो" असे लिहिलेले होते. आम्ही फोनवर विचारले, तेव्हा "हो, पंधरा टक्के" असे उत्तर आले आणि आम्ही 15 टक्के धरून वर्गीकरण केले. युरोपीय संघाच्या सामाईक यादीनुसार 8 टक्के किंवा त्याहून अधिक, पण 50 टक्क्यांपेक्षा कमी पेरॉक्साइड असलेले मिश्रण डोळ्यांना गंभीर इजा करणारे ठरते. त्याच्या लेबलावर क्षरणाचे, म्हणजे त्वचा व धातू खाल्ले जाण्याचे, चित्र आणि "डेंजर" हा शब्द येतो. त्याप्रमाणे लेबलांचे रोल छापून झाले. खरेदीदाराच्या प्रयोगशाळेत मात्र पेरॉक्साइड साडेसात टक्केच निघाले, कारण कारखान्यात येणाऱ्या कॅनमधील पेरॉक्साइड मुळातच 50 टक्क्यांचे होते. 15 किलोमध्ये खरे पेरॉक्साइड साडेसात किलोच होते. 5 ते 8 टक्क्यांच्या दरम्यान तेच मिश्रण डोळ्यांना तीव्र जळजळ करणारे ठरते, चित्र उद्गारचिन्हाचे होते आणि शब्द "वॉर्निंग" होतो. रोल वाया गेले आणि माल तीन दिवस गोदामात अडकला. कॅनवरचे लेबल आम्ही पाहायला हवे होते, हे आम्ही मान्य करतो. तेव्हापासून प्रत्येक कच्च्या मालाच्या कॅनवरील किंवा गोणीवरील लेबलाचा फोटो मिळाल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. काही ग्राहकांना हा हट्ट वाटतो, पण तो सोडण्याची आमची तयारी नाही.

कॉस्टिकच्या बाबतीत हा घोळ आणखी वाढतो. "कॉस्टिक 10 टक्के" म्हणजे फ्लेक्स असतील तर जवळपास 10 टक्केच, पण बहुतेक ठिकाणी टँकरने लाय, म्हणजे कॉस्टिकचे पाण्यातील द्रावण, येते आणि ती साधारण 48 टक्क्यांची असते. तेव्हा 10 किलो लायमध्ये खरा कॉस्टिक सोडा 4.8 किलो असतो. त्यातही लाय वजन करून ओतली की मापाने, हा प्रश्न उरतोच. लाय पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असते, त्यामुळे 90 लिटर पाण्यात 10 लिटर लाय ओतली तर प्रत्यक्षात 15 किलो लाय जाते. 105 किलोच्या त्या मिश्रणात कॉस्टिकचे प्रमाण जवळपास 7 टक्के होते. एकाच ओळीचे 10, 4.8 आणि 7 असे तीन अर्थ निघतात, आणि 5 टक्क्यांची महत्त्वाची मर्यादा नेमकी त्यांच्या मधोमध येते. म्हणून आपल्या कारखान्यात ज्या मापाने माल ओतला जातो, तेच माप आम्हाला कळवावे. बॅच बनवणाऱ्या कामगाराला विचारून लिहिलेला कागद आम्हाला कार्यालयातील टाइप केलेल्या कागदापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

टक्केवारीसोबत तिची वरची मर्यादाही लिहावी. वरच्या उदाहरणातील ग्राहकाच्या बॅचमध्ये पेरॉक्साइड 15 ऐवजी साडेसोळा किलो पडले, तर प्रमाण सव्वाआठ टक्के होते आणि वर्गीकरण बदलते. मर्यादेच्या इतक्या जवळ असलेल्या उत्पादनासाठी आम्ही नेहमी वरचा आकडा धरतो.

याच संदर्भात आमच्याविषयीची एक तक्रार येथे नोंदवतो. "दुसऱ्या एजन्सीने याच द्रवाला वॉर्निंग दिले, तुम्ही डेंजर का दिले?" असे आम्हाला विचारले जाते. तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्कली असलेल्या मिश्रणासाठी केवळ टक्क्यांची बेरीज पुरेशी नसते, कारण अशा पदार्थांत टक्केवारीपेक्षा सामू (पीएच) हा क्षरणाचा अधिक चांगला निदर्शक असतो, असे जीएचएसच्या मूळ मजकुरातच म्हटले आहे. सामू 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून अधिक असेल, तर विरुद्ध पुरावा हाती असल्याखेरीज मिश्रण क्षरणकारी समजावे लागते. दीड टक्का कॉस्टिकच्या द्रवाचा सामू 13 च्या वर जातो. ते डोळ्यांत उडाले तर काय होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना आमचा निर्णय जाचक वाटणार नाही.

ज्वलनशील द्रवांबाबत प्रश्न वेगळा असतो. तेथे टक्क्यांपेक्षा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान) आणि उत्कलनांक हवे असतात. फ्लॅश पॉइंट 23 अंशांपेक्षा कमी आणि उत्कलनांक 35 अंशांपर्यंत असेल तर पहिला प्रवर्ग, उत्कलनांक त्याहून जास्त असेल तर दुसरा, फ्लॅश पॉइंट 23 ते 60 अंश असेल तर तिसरा आणि 60 च्या वर 93 पर्यंत असेल तर चौथा. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश आहे, ॲसिटोनचा तर शून्याच्या बराच खाली आहे. झायलीन तिसऱ्या प्रवर्गात येते, म्हणून काही ग्राहक त्याला सौम्य समजतात. पण त्याचा फ्लॅश पॉइंट 25 ते 30 अंशांच्या आसपास आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा 42 अंशांच्या वर असतो. म्हणजे त्या शेडमधील उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेट घेण्याजोगी वाफ दिवसभर तयार असते आणि तिला ठिणगीच काय ती हवी असते.

थिनर बनवणाऱ्यांनी घटकांच्या फ्लॅश पॉइंटची सरासरी काढून पाठवू नये. मिनरल टर्पेंटाइनमध्ये थोडेसे ॲसिटोन मिसळले तरी मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट झपाट्याने उतरतो, कारण आधी वाफ होते ती ॲसिटोनची. अशा मिश्रणाची बंद कपाची, म्हणजे झाकलेल्या भांड्यात फ्लॅश पॉइंट मोजण्याची, चाचणी करून घ्यावी. उघड्या कपात आकडा जास्त येतो आणि तो वर्गीकरणासाठी चालत नाही. तसेच 2002 च्या पेट्रोलियम नियमांतील अ, ब, क हे वर्ग आणि जीएचएसचे प्रवर्ग एक समजू नयेत. ब वर्ग 65 अंशांच्या आत संपतो, तिसरा प्रवर्ग 60 वर. 62 अंशांचे द्रव परवान्यासाठी ब वर्गातील आणि लेबलासाठी चौथ्या प्रवर्गातील ठरते, आणि दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असतात.

"इंटरनेटवर एलडी-50 मिळतो, मग विषारीपणा तुम्ही वेगळा काय काढता?" हा प्रश्नही नेहमीचा आहे. मिथेनॉलचे उदाहरण घ्यावे. उंदरांवरील चाचणीत त्याचा तोंडावाटे एलडी-50, म्हणजे निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या वजनाच्या प्रति किलो 5000 मिलिग्रॅमच्या वर आहे. नुसता तो आकडा धरला तर मिथेनॉल जवळपास निर्धोक ठरेल. माणसाच्या शरीरात मात्र त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते, दृष्टी जाते आणि थोड्या मात्रेनेही मृत्यू येतो. म्हणून माणसांविषयीचा पुरावा पाहून त्याला तिसऱ्या प्रवर्गात ठेवले जाते आणि मिश्रणाच्या गणितात त्याचा आकडा 100 मिलिग्रॅम धरला जातो. काच पुसण्याच्या द्रवात 8 टक्के मिथेनॉल असेल आणि इतर कोणताही घटक विषारी नसेल, तर 100 ला 0.08 ने भागून 1250 येतात आणि द्रव चौथ्या प्रवर्गात जाते. याशिवाय अवयवहानीचा धोका वेगळा तपासावा लागतो. कोणता आकडा धरायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे ठरवण्याचे काम कोणत्याही उतरवलेल्या फाइलमध्ये झालेले नसते. आमचे शुल्क मुख्यतः या कामाचे आहे.

लातूर भागात सोयाबीनचे तेल काढण्यासाठी हेक्झेन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. हेक्झेन पेट घेते हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत असते. पण ते इतके पातळ असते की गिळले गेल्यास किंवा उलटीवाटे परत येताना सहज फुफ्फुसात उतरते, हा धोका लेबलावर असूनही वाचला जात नाही. आपल्याकडे काहीही पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची घाई होते, आणि हेक्झेन, रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या बाबतीत तीच घाई जिवावर बेतते. त्यामुळे अशा उत्पादनांच्या लेबलावर "उलटी करवू नये" ही ओळ आम्ही मराठीत आणि ठळक अक्षरांत देतो, मागणी केवळ इंग्रजी लेबलाची असली तरीही. वर्षानुवर्षे वाफेत काम केल्याने हातापायांना बधिरता येऊ शकते, हेही तेथे नोंदवलेले असते.

"इतकी वर्षे वापरतो, कोणाला काही झाले नाही" हे वाक्य आम्ही समजू शकतो, परंतु वर्गीकरणात त्याला जागा नाही. वर्गीकरण पदार्थाच्या अंगभूत धोक्याचे होते. आपल्या कारखान्यातील हातमोजे, एक्झॉस्ट आणि शिस्त यांमुळे जोखीम कमी होते, पण ड्रममधील पदार्थ तोच राहतो आणि तो ड्रम उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार असतो.

फॉर्म्युला उघड होण्याची भीती रास्त आहे. आम्ही प्रथम गोपनीयतेचा करार करतो, संपूर्ण टक्केवारी आमच्या एकाच व्यक्तीकडे राहते, आणि एसडीएसच्या तिसऱ्या विभागात नियमांत बसेल तेथे नेमक्या आकड्याऐवजी टप्पा छापतो. वर्गीकरण मात्र नेमक्या आकड्यावरच करतो. "गुपित घटक, 5 टक्के" असे लिहून पाठवलेले काम आम्ही नम्रपणे परत करतो, कारण कर्करोगकारक घटकाची मर्यादा 0.1 टक्का इतकी खाली असू शकते आणि त्या 5 टक्क्यांत काय आहे हे न कळता सही करणे आम्हाला शक्य नाही.

तेव्हा मेल करताना घटकांची यादी वजनासह, प्रत्येक घटकाचा सीएएस क्रमांक (रसायनाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), कच्च्या मालाच्या लेबलांचे फोटो व पुरवठादाराची एसडीएस, तयार मालाचा सामू आणि, द्रव ज्वलनशील असल्यास, फ्लॅश पॉइंटचा अहवाल जोडावा. अहवाल नसेल तर नमुना पाठवावा, चाचणी आम्ही करून घेतो आणि तिचा खर्च आधी कळवतो. माहिती पूर्ण असेल तर मराठी व इंग्रजी लेबलासह एसडीएस चार कामकाजाच्या दिवसांत मिळते.

पुरवठादार बदलला, 50 टक्क्यांच्या पेरॉक्साइडऐवजी 35 टक्क्यांचे येऊ लागले, किंवा फ्लेक्स सोडून लाय सुरू केली, तर नवीन कॅनच्या लेबलाचा एक फोटो आम्हाला पाठवावा. आम्ही तयार केलेल्या एसडीएससाठी ही फेरतपासणी एका वर्षापर्यंत विनामूल्य आहे, आणि वर्गीकरण बदलत नसेल तर तसे लेखी कळवतो, म्हणजे जुने लेबल वापरता येते.